लॉ कॉलेजला ॲडमिशन झाली, आता पहिल्या सेमिस्टरला नेमकं काय करायचं?

सीईटी झाली, कॅप राउंड झाले, कॉलेज मिळालं, फी भरून झाली. इथपर्यंत सांगणारे खूप जण आहेत, क्लासवाले आहेत, यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. पण कॉलेज सुरू झाल्यावर काय करायचं हे नीट कुणी सांगतच नाही, आणि मग बहुतेकांचं पहिलं वर्ष असंच जातं, कधीतरी लेक्चरला जायचं, परीक्षेच्या आधी पंधरा दिवस कुठल्यातरी गाईडची झेरॉक्स आणायची, पास व्हायचं आणि तिसऱ्या वर्षाला आल्यावर लक्षात येतं की आपल्याला साधा अर्ज लिहिता येत नाही. म्हणून हे सगळं लिहून काढतोय. मुख्यतः महाराष्ट्रातल्या युनिव्हर्सिटीच्या कॉलेजांत तीन वर्षांच्या किंवा पाच वर्षांच्या एलएलबीला नवीन आलेल्यांसाठी, त्यातही ज्यांच्या घरात आधी कुणी वकील नाही त्यांच्यासाठी.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की गाईड वाचून कायदा पास होण्यापुरता येतो, पण कळायला तीन गोष्टी लागतात: बेअर ॲक्ट (कायद्याचा मूळ मजकूर), कोर्टातला मागचा बाक आणि ज्यांच्याशी रोज वाद घालता येईल अशी चार माणसं. तिन्ही पहिल्या सेमिस्टरपासून धरा. "आधी सेटल होऊ, मग बघू" असं करू नका.

पहिला आठवडा: कागद उरकून टाका

हे कंटाळवाणं आहे पण आधी हेच. ओरिजिनल कागद कॉलेजने ठेवून घेतले असतील तर त्याची पोच घ्या. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म सुटला का ते बघत राहा, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती असो, पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता असो, आपण कशात बसतो ते ऑफिसातल्या स्कॉलरशिप बघणाऱ्या क्लार्कला स्वतः जाऊन विचारा, नोटीस बोर्डावर लागेल म्हणून थांबू नका. जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला ज्यांचा बाकी आहे त्यांनी ते आत्ताच मार्गी लावा.

युनिव्हर्सिटीच्या साइटवरून सिलॅबस डाउनलोड करून प्रिंट काढा, मोबाईलमध्ये ठेवलेला सिलॅबस कुणी उघडून बघत नाही. आणि हजेरीचं एक पक्कं डोक्यात ठेवा, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी सांगितलेली आहे. नोकरी करून शिकणाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात सरांशी, मॅडमशी बोलून ठेवावं, सेमिस्टर संपताना हात जोडत फिरण्यापेक्षा ते बरं.

वर्गात कोण कोण आहे ते बघा

तीन वर्षांच्या एलएलबीचा वर्ग दुसऱ्या कुठल्याच कोर्ससारखा नसतो. नुकतं बीकॉम झालेली एकवीस वर्षांची मुलगी, शेजारी तिच्या वडिलांच्या वयाचे पोलिस खात्यातले काका, मागे बँकेतल्या मॅडम, कुणी तलाठी, कुणी सीए, कुणी सोसायटीच्या भांडणाला कंटाळून कायदा शिकायला आलेले निवृत्त गृहस्थ. नवीन मुलं यांच्याकडे "हे काय टाइमपासला आलेत" असं बघतात आणि वयाने मोठी मंडळी मुलांमध्ये मिसळायला संकोचतात, आणि दोघांचंही नुकसान होतं.

कारण बघा, पुस्तकात एफआयआरबद्दल दोन पानं असतात, पण ठाण्यात आलेला माणूस काय सांगतो, त्यातलं काय लिहिलं जातं, अदखलपात्र म्हणून एनसी कधी होते, स्टेशन डायरीत काय येतं हे ते पोलिस काका चहा पिता पिता सांगू शकतात. सातबारा आणि फेरफार म्हणजे काय ते तलाठ्याइतकं कुणालाच नीट सांगता येणार नाही. चेक बाउन्सच्या केसमध्ये बँकेचा रिटर्न मेमो कसा येतो ते बँकेतल्या मॅडमना पाठ असतं. आणि उलट, ऑनलाइन जजमेंट कसं शोधायचं, पीपीटी कशी करायची हे मुलांनी त्यांना दाखवायचं. पहिल्या पंधरा दिवसांतच ओळखी करून घ्या, काका-मॅडम-दादा-ताई जे तोंडात बसेल ते म्हणा, पण बोला.

पाच वर्षांच्या कोर्सला सगळे बारावी करून आलेले असतात, तिथे ही सरमिसळ नसते, पण तिथे दुसरी असते, शहरातल्या इंग्लिश मीडियमची मुलं आणि तालुक्याहून आलेली मुलं, आणि पहिल्या महिन्यात दोन वेगळे घोळके पडतात. मुद्दाम तोडा हे. हॉस्टेलला रूममेट दुसऱ्या घोळक्यातला असेल तर उत्तमच.

मग चार-पाच जणांचा ग्रुप करा. व्हॉट्सॲप ग्रुप वेगळा, तो असतोच आणि त्यात फक्त "उद्या लेक्चर आहे का" एवढंच चालतं. मी म्हणतोय तो आठवड्यातून एकदा तासभर समोरासमोर बसणारा ग्रुप. नियम साधा ठेवायचा, प्रत्येकाने एक कलम किंवा एक केस तयार करून यायची आणि पुस्तक बंद करून ती बाकीच्यांना सांगायची, बाकीच्यांनी अडवायचं. वाचून समजलंय असं वाटणं आणि सांगता येणं यात केवढा फरक असतो ते पहिल्याच बैठकीत कळतं.

बेअर ॲक्ट कसा वाचायचा

बेअर ॲक्ट म्हणजे नुसता कायदा, कुणाचं स्पष्टीकरण नाही काही नाही. पातळ असतो, स्वस्त असतो, आणि इंडिया कोडच्या सरकारी साइटवर केंद्राचे कायदे फुकट मिळतात. तरी पहिल्या सेमिस्टरच्या विषयांचे छापील घ्याच, पेन्सिलने खुणा करायला लागतात.

एक लक्षात ठेवा, 1 जुलै 2024 पासून आयपीसी, सीआरपीसी आणि एव्हिडन्स ॲक्ट जाऊन त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. सीनिअरकडून जुनी पुस्तकं फुकट मिळतात म्हणून घेताना हे बघा. पण जुनी कलमं पूर्ण विसरूनही चालत नाही कारण त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना आयपीसीच लागू आहे आणि अशा केसेस अजून बरीच वर्षं कोर्टात असणार आहेत, शिवाय जजमेंटं सगळी जुन्या नंबरांची. तेव्हा वहीत दोन रकाने करा, खून आधी 302, आता 103, फसवणूक आधी 420, आता 318 चं पोटकलम 4, असं जसजसं येईल तसं लिहीत जा.

आता वाचायचं कसं ते चोरीच्या कलमावर दाखवतो. न्याय संहितेचं कलम 303. सगळ्यांना वाटतं चोरी म्हणजे काय ते आपल्याला माहितीये. पण कलम हळू वाचलं तर त्यात पाच तुकडे निघतात: वस्तू जंगम, म्हणजे हलवता येण्यासारखी हवी, ती कुणाच्यातरी ताब्यातून घ्यायची असावी, त्याची संमती नसावी, हेतू अप्रामाणिक असावा, आणि त्यासाठी वस्तू जागची हलवलेली असावी. पाचही असले तरच चोरी. आता "ताब्यातून" हा शब्द बघा, "मालकीतून" असं म्हटलेलंच नाहीये. आणि म्हणूनच कलमाखालचे दाखले वाचायला हवेत, तिथे घड्याळाचा दाखला आहे. तुम्ही घड्याळ दुरुस्तीला टाकलं, दुरुस्तीचे पैसे देणं बाकी आहे, पैसे मिळेपर्यंत घड्याळ ठेवून घ्यायचा दुकानदाराला कायद्याने हक्क आहे, आणि तुम्ही त्याचं ते तारण बुडवायच्या हेतूने घड्याळ उचलून आणलंत तर ती चोरी. स्वतःच्याच घड्याळाची! पैसे देणं काहीच नसेल आणि तुम्ही उघड दुकानात शिरून घड्याळ हिसकावून आणलंत, तर दुसरे गुन्हे होऊ शकतील, पण चोरी नाही, कारण हेतू अप्रामाणिक नाही. झाडाचंही तसंच, जमिनीत उभं आहे तोवर ते जंगम नाही, चोरण्यासाठी तोडलं की त्या क्षणी चोरी झाली.

ग्रुपमध्ये एवढ्या एका कलमावर तास जातो. कुणी विचारतं, शेजाऱ्याचं वायफाय वापरलं तर? लग्नातून चुकून दुसऱ्याची चप्पल घालून आलो तर? वाय-फायला "जंगम" लागू होतं का, चपलेच्या वेळी "अप्रामाणिक हेतू" कुठे आहे, असं एकेक तुकडा लावून बघायचं. परीक्षेत प्रॉब्लेम सोडवायचा असतो तो असाच, आणि पुढे आरोपपत्र वाचतानाही वकील नेमकं हेच करतो. म्हणून प्रत्येक कलमाचे तुकडे पाडायचे, व्याख्येचं कलम मागे जाऊन बघायचं, "आणि" आहे का "किंवा" आहे ते बघायचं, परंतुक ("परंतु" म्हणून जोडलेला अपवाद किंवा अट) सोडायचं नाही, दाखले आणि स्पष्टीकरण तर अजिबात नाही. गाईडमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं.

जजमेंट वाचायची सवय

सुरुवातीला जजमेंट बघून छाती दडपते. केशवानंद भारतीचा 1973 चा निकाल तेरा न्यायमूर्तींचा, सात विरुद्ध सहा, तो पहिल्याच महिन्यात पूर्ण वाचायला घेतला तर हौसच मरेल. छोट्यापासून सुरू करा. कॉन्ट्रॅक्टला लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, अलाहाबाद, 1913. काही पानांचीच आहे. मालकाचा पुतण्या हरवतो, मुनीम त्याला शोधायला बाहेरगावी पाठवला जातो, मागाहून मालक 501 रुपयांचं बक्षीस जाहीर करतो, मुनिमाला ते माहीत नसताना मुलगा सापडतो, आणि नंतर मुनीम बक्षिसासाठी दावा लावतो. हरतो.

वहीत चार गोष्टी लिहायच्या. घडलं काय, प्रश्न काय, कायदा काय, आणि कोर्टाने तो कसा लावला. इथे प्रश्न असा की ज्या प्रस्तावाची माहितीच नव्हती तो स्वीकारला असं म्हणता येईल का. कोर्ट म्हणालं नाही, शिवाय मुलगा शोधणं हे त्याचं आधीच सोपवलेलं काम होतं. झालं. वर लिहायचं कुठलं कोर्ट, किती न्यायमूर्ती, साल, कारण पुढे दोन निकाल एकमेकांविरुद्ध आले की कुणाचं वजन जास्त ते यावरून ठरतं. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर दिलेला सारांश, वाचून थांबू नका, हेडनोट संपादकाने लिहिलेली असते, न्यायाधीशाने नाही.

शोधायचं कुठे? सुप्रीम कोर्टाची ई-एससीआर ही निकालांची साइट फुकट आहे, इंडियन कानून फुकट आहे. कॉलेजच्या लायब्ररीत एआयआरचे (ऑल इंडिया रिपोर्टरचे) लाल-काळे खंड ओळीने असतील, ते नागपूरहून निघतात, बॉम्बे लॉ रिपोर्टर तर 1899 पासूनचा आहे. एकदा तरी ग्रंथपालांना विचारून हाताने खंड काढून सायटेशनवरून केस शोधा, साल-खंड-पान हे गणित एकदा हाताला बसलं की ऑनलाइनही पटकन सापडतं. ग्रंथपाल आणि लायब्ररीतले मामा यांच्याशी आदराने वागा, कुठलं पुस्तक कुठे आहे आणि सीनिअर मुलं कुठली वापरतात हे त्यांना प्राध्यापकांइतकंच माहीत असतं.

आणि निकाल पटला नाही तर? तर तसं लिहा. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मथुरा केस प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचायलाच हवी, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र सरकार. 1972 साली देसाईगंजच्या पोलिस चौकीत मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार, सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं, तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचं दिसत नाही अशा कारणांनी. 1979 मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धगमवार यांनी, सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं की हा निकाल चुकीचा आहे, शरण जाणं आणि संमती देणं यात फरक असतो. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्काराची वेगळी तरतूद आली. निकाल आधी वाचा, मग ते पत्र वाचा. देशातल्या सर्वात मोठ्या कोर्टाला मुद्द्याने, कलमाने, न घाबरता कसं उत्तर द्यायचं ते त्यातून शिकायला मिळतं.

मराठी मीडियमवाल्यांनी हे वाचा

पहिल्या लेक्चरला सगळं इंग्लिशमध्ये, त्यात लॅटिन, आणि आपण गप्प. बरेच जण इथेच खचतात. खचू नका, खरंच. एक म्हणजे बऱ्याच विद्यापीठांत पेपर मराठीत लिहिता येतो, आपल्या विद्यापीठाचा नियम ऑफिसात विचारून घ्या. दुसरं, महाराष्ट्रात जिल्हा आणि त्याखालच्या कोर्टांची भाषा 1998 पासून मराठी आहे, आणि आपल्यातले बहुतेक जण सुरुवात तिथेच करणार आहेत. चांगलं, नेमकं मराठी लिहिणारा ज्युनिअर सीनिअर वकिलांना हवाच असतो, कारण इंग्लिशमध्ये फडफड बोलणाऱ्या कितीतरी मुलांना साधी लेखी कैफियत मराठीत लिहिता येत नाही.

पण म्हणून इंग्लिश सोडायचं नाही. हायकोर्टाचं काम इंग्लिशमध्ये, जजमेंटं इंग्लिशमध्ये. रोज एक पान मोठ्याने वाचा, अडलेला शब्द वहीत दोन्ही भाषांत लिहा, प्लेंट म्हणजे वादपत्र, ॲफिडेव्हिट म्हणजे प्रतिज्ञापत्र, क्रॉस म्हणजे उलटतपास, इन्जंक्शन म्हणजे मनाई हुकूम. भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश यासाठी कामाचा आहे. आणि वर्गात शंका मराठीत विचारा, बिनधास्त. तुमच्यामागे दहा जणांना तीच शंका असते.

कोर्टात जाऊन बसा

यासाठी शेवटच्या वर्षाची वाट बघू नका. खुल्या कोर्टात कुणीही बसू शकतं. पुण्यात शिवाजीनगरचं जिल्हा न्यायालय, मुंबईत सिटी सिव्हिल किंवा फोर्टमधलं हायकोर्ट, नागपूर, औरंगाबाद, गोव्याला खंडपीठं आहेत, आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झालंय त्यामुळे सांगली-साताऱ्याच्या मुलांची मोठी सोय झाली. पण हायकोर्टापासून सुरुवात नका करू, तिथे सगळं कागदांवर आणि झपाट्याने चालतं, काही कळत नाही. आधी आपलं तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं कोर्ट.

पांढरा शर्ट, काळी पॅन्ट किंवा साधा फिकट सलवार-कुडता. बँड आणि गाऊन घालायचा नाही, तो सनद (वकिलीचा परवाना) मिळालेल्यांचा. कॉलेजचं आयकार्ड जवळ. मोबाईल सायलेंट नाही, बंदच. आत शिरताना आणि निघताना न्यायाधीशांच्या दिशेने किंचित मान झुकवायची, पुढच्या खुर्च्या वकिलांच्या, आपण मागे. साहेब निकाल किंवा जबाब डिक्टेट करत असतील तर मधेच उठून चालू लागू नका. पट्टेवाल्याने काही सांगितलं तर ऐका, कोर्ट हॉलमध्ये त्याचा शब्द चालतो. कौटुंबिक वाद किंवा पॉक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची) केस इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड असेल तर मुकाट्याने बाहेर यायचं.

सकाळी लवकर पोचा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर बोर्ड बघून जाता येतं, कुठल्या कोर्टात आज कुठल्या केसेस आहेत ते. सुरुवातीला पुकारा चालतो, नाव पुकारलं जातं, कुणी हजर, कुणी गैरहजर, तारीख, तारीख, तारीख. हे बघून "एवढंच?" असं वाटून निघून जाऊ नका. दुपारी साक्षीपुराव्याचं काम असतं, तेव्हा थांबा. एखादा चांगला उलटतपास बघायला मिळाला तर जे कळतं ते वर्षभराच्या नोट्समध्ये मिळत नाही. प्रश्न किती छोटे असतात बघा, साक्षीदाराला "हो" किंवा "नाही" एवढंच म्हणता येईल असे, आणि वकील कुठे थांबतो ते बघा.

तिथली भाषाही कानावर पडू दे. "निशाणी 5 वर आर्ग्युमेंट" असं कुणी म्हटलं तर दिवाणी दाव्यात साधारणपणे तो तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज असतो, कारण दाव्याला निशाणी 1 पडते आणि हा अर्ज सहसा पाचव्या निशाणीला येतो. "से द्या" म्हणजे समोरच्याच्या अर्जावर आपलं म्हणणं द्या. "पर्सिस दिली" म्हणजे कोर्टाला लेखी काहीतरी कळवलं, पुरावा संपला वगैरे. रोजनाम्यात त्या दिवशी काय झालं ते असतं. घरी येऊन बघितलेलं वहीत लिहा, पुढे क्लिनिकल (प्रॅक्टिकलच्या) पेपरला दोन खटल्यांचं निरीक्षण लिहून द्यायचं असतं, तेव्हा कॉपी करावी लागणार नाही.

मूट कोर्ट

मूट म्हणजे खोटा खटला, काल्पनिक प्रकरण देतात आणि दोन्ही बाजूंनी लेखी मेमोरिअल आणि तोंडी युक्तिवाद करायचा. बहुतेक ठिकाणी तिघांची टीम, दोघं बोलणारे आणि एक रिसर्चर. पहिल्या वर्षाला कॉलेजची आतली नवख्यांची मूट असते तिला नाव द्याच, जिंकायचा विचार न करता. बोलायची भीती वाटत असेल तर रिसर्चर व्हा, ते दुय्यम काम नाहीये, न्यायाधीशांच्या खुर्चीवरून प्रश्न येतो तेव्हा चिठ्ठीवर बरोबर परिच्छेद नंबर लिहून पुढे सरकवणाऱ्यामुळे टीम वाचते. आणि ज्यांना काहीच करायचं नाहीये त्यांनी कोर्ट क्लार्क म्हणून वेळ लावायला बसावं, फुकटात सगळ्या टीम्सचे युक्तिवाद ऐकायला मिळतात.

लीगल एड

प्रत्येक लॉ कॉलेजला लीगल एड सेल असतो. काही ठिकाणी तो कागदावर असतो, काही ठिकाणी दोन-तीन मुलं तो जिवंत ठेवतात. तुम्ही त्या दोन-तीनांत सामील व्हा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे, त्याच्या कलम 12 मध्ये फुकट वकील कुणाला मिळतो ते दिलंय: महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतले, कारखान्यातले कामगार, आपत्तीग्रस्त, आणि उत्पन्न कमी असलेले. महिलांना उत्पन्नाची अट नाही. हे एवढं साधं लोकांना माहीत नसतं, गावात शिबिराला गेलं की कळतं. नालसाचा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा) 15100 हा हेल्पलाइन नंबर पाठ करून ठेवा.

शिबिरात भाषण देऊ नका. लोकांना बसवून ऐका. कुणाची पोटगी अडकलीये, कुणाच्या वारसनोंदीवर भावाने हरकत घेतलीये, कुणाला पोलिसांनी तक्रारीची प्रत दिलेली नाही. आपण अजून वकील नाही, त्यामुळे "मी तुमची केस लढवतो", "केस नक्की जिंकाल" असलं काही बोलायचं नाही आणि पैसे तर अजिबात घ्यायचे नाहीत. अर्ज लिहायला मदत करायची, कागद कुठले लागतील ते सांगायचं आणि तालुका विधी सेवा समितीपर्यंत सोबत जायचं. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं, कारण कोर्टाच्या आवारात एकटं शिरायलाच माणसं घाबरतात. सनद मिळेपर्यंत लॉच्या विद्यार्थ्यांना प्राधिकरणाकडे पॅरा लीगल व्हॉलंटिअर म्हणूनही नाव देता येतं, प्रशिक्षण तेच देतात.

सीनिअर, हॉस्टेल वगैरे

सीनिअरना पुस्तकं मागा, जुने पेपर मागा, कुठला वकील इंटर्नना खरंच काम देतो ते विचारा. बहुतेक जण मनापासून सांगतात. आदर द्यायचा, पण आदर म्हणजे हुकूम ऐकणं नव्हे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, यूजीसीची हेल्पलाइन 1800-180-5522 आहे, आणि कॉलेजमध्ये लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समितीही असायलाच हवी, तिची नावं बोर्डावर लागलेली आहेत का ते बघा. आपणच कायद्याचे विद्यार्थी, आपल्याच आवारात हे चालवून घ्यायचं नाही.

परीक्षा

मागच्या काही वर्षांचे पेपर आधी, नोट्स नंतर. उत्तरात कलम नंबर, तुकडे, एक केस, आणि प्रॉब्लेम असेल तर शेवटी स्पष्ट निष्कर्ष. केसचं नाव आठवत नसेल तर खोटं लिहू नका, "अशा एका निकालात कोर्टाने म्हटलं" एवढं पुरे. बाकी ग्रुपमध्ये आठवड्याला बसत असाल तर शेवटच्या पंधरा दिवसांत नवीन काही वाचावं लागत नाही.

इंटर्नशिप आणि जेएमएफसीचा विषय

पहिल्या वर्षाला मोठ्या फर्मच्या मागे लागू नका. बार कौन्सिलच्या नियमांत तीन वर्षांच्या कोर्सला एकूण किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला 20 आठवडे इंटर्नशिप आहे, एका वर्षी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. पहिली इंटर्नशिप जिल्हा कोर्टात काम करणाऱ्या वकिलांकडे करा. तिथे वकालतनामा भरणं, फाइल लावणं, नक्कलेला अर्ज देणं, पक्षकार पहिल्यांदा येतो तेव्हा तो मूळ गोष्ट सोडून बाकी सगळं कसा सांगतो आणि वकील ती कशी काढून घेतात, हे सगळं समोर दिसतं. ओळख नसेल तर बार रूमपाशी जाऊन विचारा, "सर, मी अमुक कॉलेजला पहिल्या वर्षाला आहे, महिनाभर येऊ का?" नाही म्हणाले तर पुढचे. पक्षकाराने सांगितलेलं बाहेर बोलायचं नाही, ग्रुपवर तर नाहीच, फाइलचा फोटो काढून स्टेटसला टाकणं तर दूरच.

अजून एक, पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून जेएमएफसीच्या (खालच्या कोर्टात न्यायाधीश व्हायच्या परीक्षेच्या) क्लासला पळणारी खूप मुलं दिसतात. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व्हायला आधी तीन वर्षं वकिली हवी. म्हणजे कोर्टाचा अनुभव घ्यावाच लागणार आहे, तर मग कॉलेजची वर्षं क्लासच्या नोट्समध्ये घालवण्यापेक्षा बेअर ॲक्ट आणि कोर्टात घालवा, त्या परीक्षेलाही शेवटी हेच लागतं.

इंटर्नशिप संपेल त्या दिवशीच वकिलांच्या लेटरहेडवर सर्टिफिकेट घ्या, तारखा, सही, शिक्का आणि त्यांचा सनद नंबर बघून घ्या. रोज काय काम केलं त्याच्या डायरीवरही तिथेच सही घ्या, दोन वर्षांनी कॉलेज मागतं तेव्हा सर कोर्टात बिझी असतात आणि आपल्याला तारखा आठवत नाहीत. दोन्हीची झेरॉक्स काढून एका फाइलला लावून ठेवा.